अफसर कोठीची कडी

माझी मागणी फक्त एका कडीची होती. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण आता गल्लीत असं बोललं जातं की सुनयनाबाईंना बंगल्याचं वेड लागलं होतं, त्यांना इतिहासात नाव करायचं होतं आणि त्यातून हा सगळा तमाशा झाला. मला इतिहासात नाव नको होतं. मला दाराला आतून कडी हवी होती.

या मागणीला कारण होतं आणि ते अडीच वर्षांचं आहे. प्रणिता, आमची मुलगी. ती चालायला शिकली त्या दिवसापासून चालत नाही, निघते. बाकीची मुलं घरात हिंडतात, खेळण्याकडे जातात, आईच्या मागे येतात. ही सरळ दार गाठते आणि उंबरा ओलांडते, जणू बाहेर कुणी गाडी लावून थांबलंय. आणि आमच्या दारासमोरून जातो तो आदिलाबादचा जिनिंगचा रस्ता. दसरा झाला की त्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या सुरू होतात. गाडीच्या दोन्ही अंगांनी कापूस एवढा फुगलेला असतो की ड्रायव्हरला आरशात कापसाशिवाय काहीच दिसत नसावं. अडीच वर्षांचं पोर तर नाहीच नाही.

मी पहिल्यापासून घाबरट आहे असं आमचे हे म्हणतात. 'हे' म्हणजे भारत. लिहिताना नाव घ्यायला हरकत नाही, घरात मी 'अहो'च म्हणते. भारतचं मोटार-पंपाचं दुकान आहे आणि जगातली कुठलीही अडचण पाइपचा एक तुकडा आणि दोन क्लॅम्प यांनी सुटते असा त्याचा विश्वास आहे. मी खाजगी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि कुठलीही गोष्ट कुठल्या क्षणी बिघडेल हे मला आधी दिसतं. अशा दोघांनी एका घरात राहायचं तर घराला निदान कडी पाहिजे.

आमचं घर म्हणजे अफसर कोठी. निजामाच्या काळात इथे घोडदळाची छावणी होती आणि त्या घोडदळाचे साहेब लोक या कोठीत राहायचे, असं सगळी गल्ली सांगते. माझे सासरे नागोराव, म्हणजे मामाजी, यांचा भाजीपाल्याचा धंदा. त्यांनी ही कोठी कांदे साठवायला घेतली होती. मला शहरात नोकरी लागली तेव्हा कांद्यांना एका बाजूला सरकवून आम्ही राहायला आलो. लोकांना वाटलं, केवढं हे भाग्य! साहेबाच्या बंगल्यात राहतात! मलाही वाटलं. तलमडुगुच्या, म्हणजे सासरच्या गावच्या, बायकांना सांगताना मी 'अफसर' हा शब्द जरा सावकाश उच्चारायची.

पण कोठी जरा चमत्कारिक होती. जमीन एका कोपऱ्याकडे उतरती, आणि त्या कोपऱ्यात एक भोक. लाडू पडला तर तो थांबेपर्यंत आपण उभं राहून पाहायचं. खिडक्या इतक्या उंच की बाहेर कोण आलं ते पाहायला स्टुलावर चढावं लागे. भिंतीत जागोजागी मोठाले लोखंडी कडे. आतल्या खोलीत दगडी हौद, लांबट, कमरेपेक्षा थोडा खाली. त्यात मी प्रणिताला आंघोळ घालायची. आणि दारं? प्रत्येक दाराचे वर-खाली दोन तुकडे. कांद्यांच्या दिवसांत मामाजींनी ते दोन तुकडे तारेने आवळून एक केले होते. कडी-कोयंडा सगळ्या दारांना होता, पण बाहेरून. आतून एकाही दाराला काही नाही. दिवसा मी दाराशी गॅसचं सिलेंडर लावून ठेवायची. प्रणिताने आठवडाभर त्या सिलेंडरचा अभ्यास केला आणि मग त्याला ढकलायची युक्ती शोधून काढली.

एक दिवस ती रस्त्याच्या कडेला सापडली. बकरीला बिस्किट देत होती. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई जयवंताबाई तलमडुगुहून आल्या होत्या. त्यांनी पाहिलं. ओसरीतच बसल्या, पाणीही घेतलं नाही.

"सुने, हे काय चालू हाय?"

"आत्याबाई, कडी बसवतोच आहोत..."

"बसवतोच, बसवतोच! दोन महिन्यांपासून आयकून राह्यली मी. हे पाय, आपलं सोपं हाय. दसऱ्यापर्यंत दाराले कडी लागली तं पोट्टी तुयी. नाई लागली तं पोट्टीले मी तलमडुगुले नेतो. तू आपली नोकरी कर. रविवारी येत जाय."

रविवारी येत जाय. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी चार लेकरं आणि कितीतरी वासरं वाढवलीत आणि त्यातलं एकही हरवलेलं नाही. म्हणूनच भीती होती. त्या बोलतात ते करतात.

दुसऱ्याच दिवशी मी पोशेट्टी वाढयाला बोलावलं. सुतार म्हणून त्याची ख्याती अशी की तो कशालाच नाही म्हणत नाही. त्याने दार पाहिलं, कडी पाहिली, तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात केली आणि म्हणाला, "एम् कादु मॅडम." म्हणजे काही होत नाही, काळजी करू नका. पुढच्या सगळ्या प्रकरणात पोशेट्टी हेच बोलत होता आणि प्रत्येक वेळी काहीतरी होत होतं.

त्याने हातोडी उचलली, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "थांबा! थांबा! खिळा ठोकू नका!"

माणिकराव. आमचे शेजारी. तहसिलीतून निवृत्त झाले, पण तहसील त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. घरात भाजी करायची तरी आधी कैफियत मांडतात. ते धोतराचा सोगा धरून आत आले.

"सुनयनाबाई, तुमी शिकलेल्या. ही तारीखी इमारत हाय. फौजी अफसराची कोठी. याले असा खिळा ठोकता येते का?"

"काका, पोरगी रस्त्यावर जाते हो."

"जाते, कबूल हाय. पण तुमाले मालूम हाय का, दाराची कडी बाहेरून काऊन हाय?"

मला माहीत नव्हतं.

"साहेब आपल्या हातानं दार लावत नसे!" माणिकरावांनी अशा आवाजात सांगितलं की पोशेट्टीनेही हातोडी खाली ठेवली. "साहेब आत जाये, अर्दली बाहेरून कडी लावे. सकाळी अर्दली कडी काढे, सलाम करे. हे दोन तुकडे कायचे? वरचा तुकडा उघडून अर्दली नुसता चेहरा दाखवे. पूर्ण दार उघडलं तं साहेबाची बेअदबी."

मला ते पटलं. याची मला आज फार लाज वाटते, पण पटलं. उंच खिडक्या कशाला, तर साहेबाला कुणी पाहू नये म्हणून. भिंतीतले कडे तलवारी टांगायला. उतरती जमीन धुऊन काढायला, कारण साहेब स्वच्छतेचे भोक्ते. हौद साहेबाच्या आंघोळीचा. मामाजी एकदा दबक्या आवाजात म्हणाले होते, "जनावराच्या पाण्याच्या डोणीसारखा दिसते हा." माणिकराव एवढे हसले की मामाजी पुढे कधी बोलले नाहीत. अफसर हा शब्द एकदा डोक्यात बसला की डोळ्यांचं काही चालत नाही.

समोरच्या भाग्यलक्ष्मीचं मत वेगळं होतं. ती अंगणवाडीत शिकवते आणि तिच्याकडे खेळून प्रणिताला माझ्यापेक्षा जास्त तेलुगू येतं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, बाहेरून कडी म्हणजे आतला माणूस वेडा. साहेब वेडा होता. बांधून ठेवत होते. ते कडे बघ ना भिंतीला!" त्या दिवसापासून मी प्रणिताची झोळी त्या कड्यांना बांधणं बंद केलं.

माणिकरावांनी त्याच संध्याकाळी कचेरीत दरखास्त दिली. इमारत ऐतिहासिक आहे, ती पूर्ववत करावी, समोर तसा फलक लागावा, आणि मुआयना, म्हणजे सरकारी तपासणी, होईपर्यंत इमारतीत कुणीही खिळा, स्क्रू किंवा चुना लावू नये. सगळं आमच्या भल्यासाठी. मला न विचारता.

म्हणजे कडी बसवायला आता मंजुरी हवी होती. मी कॉलेज सुटलं की प्रणिताला कडेवर घेऊन कचेरीच्या चकरा मारू लागले. पहिल्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं की ही जागा फौजेची म्हणून नोंदलेली आहे, तेव्हा फौजेचं ना-हरकत पत्र आणा.

"कोणत्या फौजेचं?"

"जिची कोठी आहे तिचं."

"निजामाची होती. ती फौज आता नाही."

"नाही म्हणजे? बदली झाली?"

"बंदच झाली हो. माझ्या सासऱ्यांचा जन्म व्हायच्या आधी."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. विचार केला. "मग ती बंद झाल्याचं पत्र आणा."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. प्रणिता तेवढ्यात कचेरीच्या फाटकापर्यंत पोचली होती. शिपायाने तिला उचलून परत आणलं आणि मला म्हणाला, "बाई, घरी कडी-बिडी लावून ठेवत नाही का हिला?"

पावसाळा असाच गेला. सिलेंडरला मी कांद्याचं पोतं जोडलं. पोत्याला स्टूल जोडलं. कॉलेजात पानांचे प्रकार शिकवताना मध्येच मला डोळ्यांसमोर दार दिसायचं, आणि मी 'एकदल' म्हणायच्या ऐवजी 'एककडी' म्हणाले तेव्हा मुलं हसली नाहीत, वहीत लिहून घेतलं. दुपारी प्रणिता भाग्यलक्ष्मीकडे असायची. मी तिला फोन करायची. तिने उचलला नाही तर भारतला करायची. भारत म्हणायचा, "अगं, पोरगी आहे, वाफ नाही, फटीतून जायला." त्याला फटीतून जाणाऱ्या गोष्टींचा अनुभव फक्त पाण्याचा आहे.

शेवटी भादव्याच्या अखेरीस मुआयना झाला. कुठल्या तरी खात्याचे साहेब हैदराबादहून आले. पांढरा शर्ट, गॉगल, आणि बरोबर दोन माणसं, ज्यातला एक नुसता होकार द्यायला होता. माणिकरावांनी हार आणला. साहेबांनी जमीन पाहिली, कडे पाहिले, हौदाला हात लावून "बाथटब!" म्हणाले. होकारवाल्याने होकार दिला. मग साहेब दारापाशी आले आणि मामाजींची तार पाहून त्यांनी गॉगल काढला.

"ये क्या है? अफसर के बंगले में आधा-आधा दरवाजा?"

"साहब, अर्दली वरून..." माणिकराव सुरू झाले.

"नहीं, नहीं. ये बाद में किसी ने काटा है. प्याज वालों ने."

मामाजींनी खाली पाहिलं. वास्तविक त्यांनी कांद्याशिवाय काहीही कापलेलं नव्हतं.

साहेबांनी हुकूम दिला. सगळी दारं जोडून अखंड करा. मधल्या फटीत सागवानाची जाड पट्टी बसवून ठोका. बाहेरच्या कड्या काढून टाका आणि पितळेच्या छान कड्या आतून बसवा, कारण साहेब लोक आतूनच दार लावतात. हे शेवटचं वाक्य ऐकून मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. तीन महिने ज्या कडीसाठी मी वणवण केली ती आता इतिहासाला हवी होती!

पोशेट्टी परत आला. जुनं लाकूड असं होतं की खिळा वाकायचा, लाकूड वाकायचं नाही. वर कडी बसेना. मग त्याने कड्या मधल्या नव्या पट्टीवर बसवल्या, कारण नवं लाकूड ऐकत होतं.

मी पाहिलं. "पोशेट्टी, ही कडी फार खाली आहे. पोरीचा हात पोचेल."

"एम् कादु मॅडम. पापाला, एवढ्याशा पोरीला, ओढता येते का? लई जाम आहे."

"आज जाम आहे. उद्या सैल होईल."

"अगं," भारत म्हणाला, "तुला कडी पाहिजे होती ना? लागली ना कडी? आता कडीचीही भीती?"

सगळे हसले. मीही हसले. असं हसायचं मी लग्नानंतर शिकले. पण रात्री झोपायच्या आधी मी कडीला कुणी मेण लावलेलं नाही ना, हे दोनदा हात फिरवून पाहिलं.

दसऱ्याला फलकाचं उद्घाटन ठरलं. तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत 'अधिकारी निवास' अशी पाटी तयार होती. मराठीचा रकाना रंगाऱ्याने मोकळा सोडला होता, पुढेमागे भरू म्हणून. माणिकरावांना एवढ्यावर समाधान नव्हतं. दसरा म्हणजे शस्त्रपूजा, अश्वपूजा. घोडदळाच्या अफसराच्या कोठीत दसऱ्याला घोड्याची पूजा नाही म्हणजे काय? त्यांनी लग्नाच्या वरातीत असते ती बँडवाल्यांची पांढरी घोडी ठरवली. तिचं नाव राणी. कपाळाला झिरमिळ्या, पायात घुंगरू. उन्हातून चालत आणली होती, बिचारी तोंडाने फुर्र फुर्र करत होती.

अंगण भरलं होतं. बायका दसऱ्याच्या नव्या साड्यांत, हातात जम्मीची, म्हणजे शमीची, पानं. सासूबाई तलमडुगुहून आल्या, प्रणिताला मांडीवर घेऊन बसल्या. त्यांच्याजवळ एक कापडी पिशवी होती. मी तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट्टीचे दोन झबले शिवून आणले. लागतीन तिकडं." तिकडं! मी म्हटलं, "आत्याबाई, कडी लागली आहे." त्या म्हणाल्या, "पाह्यतो ना. पाह्यल्यावर बोलतो."

आतल्या खोलीत हौदात मी थोडं पाणी सोडून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या होत्या. हैदराबादच्या साहेबांना 'बाथटब' सजवलेला दिसावा म्हणून. साहेब आलेच नाहीत, पण ते नंतर कळलं.

माणिकरावांनी राणीला कुंकू लावलं. नारळ फोडला. नारळाच्या आवाजाने राणीने मान झटकली, लगाम सुटला, आणि ती चालू लागली. उधळली वगैरे काही नाही. अगदी सावकाश, घरी आल्यासारखी. उंबरा ओलांडताना तिने पाय बरोबर उचलला. दिवाणखान्यातून पुढे, डावीकडे वळून, आतल्या खोलीत. लोक "अरे, अरे" करत मागे. राणी हौदापाशी गेली, तोंड पाण्यात घातलं आणि पाणी प्यायला लागली. मान फारशी न वाकवता. हौद बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला होता. पिऊन झाल्यावर ती बाजूला सरकली, भिंतीतल्या कड्याजवळ मान नेऊन उभी राहिली, बांधण्याची वाट पाहत. मग तिने जे केलं ते उतरत्या जमिनीवरून ओघळत नेमकं कोपऱ्यातल्या भोकात गेलं. एक थेंब इकडे-तिकडे नाही.

सगळे एकदा हौदाकडे पाहत, एकदा उंच खिडकीकडे, एकदा दाराकडे.

मग बाहेरच्या पायरीवरून मामाजींचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदाच मोठा. "मी म्हटलं नव्हतं, डोणी हाय म्हणून!"

आणि अंगण हसलं. असं हसू मी आमच्या रस्त्यावर कधी ऐकलं नव्हतं. अफसर इथे राहतच नव्हते. अफसरांची घोडी राहत होती. भाग्यलक्ष्मी पदर तोंडाला लावून खाली बसली. कुणीतरी ओरडलं, "सुनयनाबाई, तुमी पोरीले त्याच डोणीत आंघोळ घालता ना?" माणिकराव हातात नारळाची वाटी घेऊन उभे होते. माझ्या कानांतून गरम वाफा निघत होत्या. मी तलमडुगुच्या बायकांना 'अफसर' हा शब्द किती सावकाश सांगितला होता! मला वाटलं, जमीन उतरती आहेच, आपणही त्या भोकातून निघून जावं.

राणीला ओढून बाहेर काढलं. सगळे तिच्या मागे बाहेर. हसणं अंगणात गेलं. आणि मग सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं.

"पोट्टी कुठं हाय?"

माझं हसं होत होतं ते त्याच क्षणी थांबलं. म्हणजे लोक हसतच असतील, मला ऐकू येईना. मी रस्त्याकडे पळाले. रस्ता रिकामा. मग घरात. आतल्या खोलीचं दार लागलेलं होतं. आतून खट्ट असा आवाज आला. जाम कडी सरकल्याचा आवाज कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

"पनू! पनू, कडी काढ बाळा!"

उत्तर नाही.

आत पाणी होतं. मीच सोडलेलं. मी दारावर हात आपटले. भाग्यलक्ष्मी धावत आली. "पापा, तलुपु तिय्यि अम्मा! दार उघड!" आत प्रणिता काहीतरी पुटपुटली, आणि मग पुन्हा शांतता. भारत शिडी घेऊन बाहेरून खिडकीकडे गेला. गज. वरून ओरडला, "दिसत नाही! डोणी भिंतीला लागून आहे, आतलं दिसत नाही!"

"पोशेट्टी! पट्टी काढ!"

पोशेट्टी पहार घेऊन आला. पहिल्यांदाच त्याने 'एम् कादु' म्हटलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्याने पहार पट्टीखाली घातली, तेवढ्यात माणिकराव मध्ये आले. खोटं कशाला सांगू, ते घाबरलेलेच होते. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्या सवयीचंच निघतं.

"अरे, साहेबाची मंजुरी हाय त्या पट्टीले! तोडता कशी येईन..."

मी एम.एस्सी. आहे. मी कॉलेजात शुद्ध मराठी बोलते. मुलांना 'आमी' नाही, 'आम्ही' म्हणा असं सांगते. मी माणिकरावांकडे वळले आणि म्हणाले, "खड्ड्यात गेला तुमचा साहेब! पट्टी काढू राह्यली मी! सरका तिकून!" आणि पोशेट्टीच्या हातातून पहार घेतली.

खरं तर पट्टी माझ्या जोराने निघाली नसती. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून पहार दाबली. सागवान करकरलं, खिळे बाहेर आले, पट्टी लोंबली. मामाजींनी पक्कडीने तार तोडली. आणि वरचा तुकडा बाहेर उघडला, अगदी सहज, जणू इतकी वर्षं तेवढ्यासाठी थांबला होता.

मी आत वाकले. डोणी कोरडी होती. राणीने सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. प्रणिता कोरड्या डोणीत बसून ओल्या पाकळ्या एकेक उचलून कपाळाला चिकटवत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "घोला." म्हणजे ती घोडा होती, आणि घोड्यांना हाक मारली तर ते ओ देत नाहीत. बरोबरच आहे.

तिला वर उचलून घेतल्यावर मी रडले की नाही ते मला आठवत नाही. भाग्यलक्ष्मी म्हणते रडले. माझी आठवण आहे ती सासूबाईंच्या कापडी पिशवीची. त्यांनी ती उचलली. आता त्या बोलणार होत्या, आणि त्यांचं काही चुकणार नव्हतं. कडी लागली होती आणि कडीनेच पोर कोंडलं होतं. मी प्रणिताला घट्ट धरलं आणि विचार केला, रविवारी. दर रविवारी. बसने.

सासूबाई पिशवी काखेत मारून त्या अर्ध्या दारापुढे उभ्या राहिल्या. वरचा तुकडा उघडा, खालचा बंद. त्यांनी खालच्या तुकड्याला गुडघ्याने धक्का दिला. हलला नाही. मग त्याच तुकड्यावर बाहेरून जिथे जुनी कडी होती तिथली भोकं चाचपली. एकदा, दोनदा. आपल्या गोठ्याचं फाटक पाहतात तसं पाहिलं.

"हे दार असंच होतं?"

"हो," मी म्हणाले.

"बाहेरून कडी होती? खाली?"

"हो."

"मंग वरचं उघडं ठेवायचं. खालचं बाहेरून लावायचं. मोठा माणूस वरून हात घालून काढते, लेकराचा हात पोचत नाई. हवा येते, रस्ता दिसते, लेकरू आत राह्यते. शिंगरू असंच ठेवत असतीन." त्या थांबल्या. "एवढं चांगलं दार कोनं बंद केलं बे?"

मामाजींनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी पोशेट्टीकडे. पोशेट्टीने आभाळाकडे. मी म्हणाले, "आत्याबाई, सगळ्यांनी मिळून. मीही. तार सोडून पाहावी हे मला एकदाही सुचलं नाही."

मी धीर केला. आयुष्यात मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, नेहमी विचारलं होतं. "पनू इथंच राहील. पोशेट्टी आजच सगळ्या पट्ट्या काढेल आणि जुन्या कड्या परत बसवेल. ही पागा असली तर पागा. पण ती माझ्याजवळ राहील."

सासूबाईंनी पिशवी उघडली. झबली काढून माझ्या खांद्यावर टाकली. मग त्याच पिशवीतून त्यांचं लुगडं निघालं, तंबाखूची डबी निघाली, चष्मा निघाला. "मले मालूम होतं तू देणार नाई," त्या म्हणाल्या. "म्हणून मी माये बी कपडे आणले. दिवाळीपर्यंत राह्यतो. पाह्यतो तुयी पागा कशी हाय ते."

म्हणजे मुलगी मिळाली आणि बरोबर सासूही. हा निकाल माझ्या बाजूने लागला की विरुद्ध, याचा विचार मी अजून करते आहे.

फलक तसाच आहे. तो काढायला त्याच खात्यात अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जाबरोबर इमारत अधिकाऱ्यांची नसल्याचं फौजेचं पत्र. माणिकराव काही दिवस आमच्याकडे आले नाहीत. आता ते हातात टेप घेऊन स्वतःच्या अंगणात फिरतात. घोडी इथे होती तर साहेब कुठे होते, या प्रश्नाने त्यांना गाठलंय. त्यांच्या संडासाखाली जुना दगडी चौथरा निघाला आहे. नवी दरखास्त तयार आहे आणि घरात खिळा ठोकायला मनाई आहे. त्यांची सून मला काल भाजीबाजारात भेटली. मी तिच्या पिशवीत दोन कणसं घातली.

परवा सुट्टीनंतर मी पहिल्यांदा कॉलेजला निघाले. कापसाची पहिली गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, हॉर्न चालू होता. सासूबाई दाराच्या खालच्या तुकड्यावर कोपर टेकून उभ्या, कडेवर प्रणिता, दोघीही मान बाहेर काढून गाडीची मजा बघताहेत. मी बाहेरून कडी लावली. हलवून पाहिली.

"झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"झालं."

मी भाग्यलक्ष्मीच्या घरापर्यंत गेले आणि परत आले. कडी पुन्हा हलवून पाहिली.

"सुने, निजामाची घोडी पळाली नाईत इथून. आमी कुठं जातो? जाय तू."

मी गेले. कोपऱ्यावर पोचले आणि थांबले. वळणार होते, एवढ्यात मागून, त्या सगळ्या हॉर्नच्या वरून, आवाज आला, "लागली हाय गं कडी! जाय!"